वाचक विचारतात : न्यू जर्सीतील जमिनीचा शतकभराचा वाद

प्रश्न : माझी मुलगी न्यू जर्सीतील एडिसन येथे राहते. त्या परिसराचा इतिहास वाचताना असे समजले की, १७४५ साली जवळच्या नेवार्क गावात जमावाने तुरुंग फोडून एका कैद्याला सोडवले आणि या प्रकारामागे जमिनीच्या मालकीचा जुना वाद होता. एकाच जमिनीचे दोन मालक झाले तरी कसे? त्यांत खरा मालक कोण होता? — एक वाचक, सांगली

उत्तर : या वादाचे मूळ १६६४ सालातील काही महिन्यांच्या घटनाक्रमात आहे. इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याने त्या वर्षी मार्चमध्ये आपला भाऊ जेम्स, म्हणजे ड्यूक ऑफ यॉर्क, याला उत्तर अमेरिकेच्या किनाऱ्यावरील एक विस्तीर्ण प्रदेश बहाल केला. हा प्रदेश त्या वेळी डचांच्या ताब्यात होता. तो जिंकून घेण्यासाठी ड्यूकने रिचर्ड निकोल्स याला गव्हर्नर नेमून आरमारासह रवाना केले. निकोल्स समुद्रावर असतानाच, जूनमध्ये, ड्यूकने हडसन आणि डेलावेअर या नद्यांमधला भाग लॉर्ड जॉन बर्कली आणि सर जॉर्ज कार्टरेट या आपल्या दोन निष्ठावान सरदारांच्या नावे करून दिला. तोच पुढे न्यू जर्सी म्हणून ओळखला गेला. निकोल्सला याची काहीच कल्पना नव्हती. त्याने डचांकडून प्रदेश घेतला आणि वस्ती वाढावी म्हणून लोकांना जमिनी देण्यास सुरुवात केली.

ऑक्टोबर १६६४ मध्ये काही वसाहतकऱ्यांनी मॅटानो आणि लेनापे या मूळ रहिवाशांच्या इतर प्रमुखांकडून एक मोठा पट्टा विकत घेतला. मोबदला होता वीस वाव कापड, दोन तयार कोट, दोन बंदुका, दोन किटल्या, शिशाच्या दहा कांबी, थोडी बंदुकीची दारू आणि वर्षभरानंतर द्यायचे चारशे वाव पांढरे वॅम्पम, म्हणजे शिंपल्यांच्या मण्यांच्या माळा. निकोल्सने डिसेंबरमध्ये या खरेदीला मान्यता दिली आणि तेथे एलिझाबेथटाउन वसले. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये त्याने मॉनमथ भागासाठीही अशीच सनद दिली. एलिझाबेथटाउनच्या खरेदीखतातील हद्दी वाचल्या म्हणजे पुढे काय वाढून ठेवले होते ते लक्षात येते : दक्षिणेला रॅरिटन नदी, तेथून किनाऱ्याने उत्तरेकडे पश्चिमवाहिनी अशा पहिल्या नदीपर्यंत, आणि आत देशाकडे रुंदीच्या दुप्पट अंतर. मोजणी झालेली नव्हती आणि नकाशाही नव्हता. आपल्या मुलीचे एडिसन याच दाव्याच्या हद्दीत येते.

ऑगस्ट १६६५ मध्ये फिलिप कार्टरेट हा बर्कली आणि कार्टरेट या नव्या मालकांचा, म्हणजेच प्रोप्रायटरांचा, गव्हर्नर म्हणून दाखल झाला. त्याने आणलेल्या सनदेत उपासनेचे स्वातंत्र्य आणि निवडून दिलेली प्रतिनिधिसभा अशी उदार आश्वासने होती. मात्र जमिनीवर एकरी किमान अर्धा पेनी क्विट-रेंट, म्हणजे मालकाला दरवर्षी द्यायचा सारा, ठरवला होता आणि त्याची वसुली २५ मार्च १६७० पासून सुरू व्हायची होती. शंभर एकरांना वर्षाला चार शिलिंग दोन पेन्स होतात, आणि ही रक्कम काही घर बुडवणारी नव्हती. तरीही लोकांनी ती नाकारली, कारण ती भरणे म्हणजे आपण दुसऱ्याच्या जमिनीवर राहतो अशी लेखी कबुली देणे होते. १६७२ मध्ये एलिझाबेथटाउन येथे भरलेल्या सभेने फिलिपला बाजूला सारून सर जॉर्जचा मुलगा जेम्स कार्टरेट याला प्रमुख नेमले. ड्यूकने मात्र त्याच वर्षी निकोल्सने दिलेल्या सनदा रद्दबातल ठरवल्या.

कायद्याच्या अंगाने पाहता प्रोप्रायटरांचे म्हणणे सरळ होते : जून १६६४ नंतर ड्यूककडे ती जमीनच उरली नव्हती, मग त्याचा गव्हर्नर ती कोणाला कशी देणार? वसाहतकऱ्यांचे उत्तर असे की, निकोल्सने ज्या अधिकारात सनद दिली तो अधिकार त्या दिवशी सर्वांना ठाऊक असलेला एकमेव अधिकार होता, जमीन मूळ रहिवाशांकडून किंमत देऊन घेतली होती, आणि जंगल तोडून ती लागवडीखाली आणली होती. मला वसाहतकऱ्यांचा पक्ष अधिक न्याय्य वाटतो. लंडनमध्ये बसून, जिंकण्याआधीच वाटून टाकलेल्या जमिनीचा दोष, ती सद्भावनेने घेणाऱ्याच्या माथी मारणे योग्य नव्हते. परंतु याच दाव्याच्या आधारे एलिझाबेथटाउनच्या मूठभर हक्कदारांनी लाखो एकरांवर हक्क सांगितला, त्याचे समर्थन करता येत नाही.

आता १७४५ सालाविषयी. १७०२ मध्ये प्रोप्रायटरांनी राज्यकारभार राणी अ‍ॅनच्या हाती सोपवला, पण जमिनीचे हक्क स्वतःकडेच ठेवले. १७४५ मध्ये त्यांनी एलिझाबेथटाउनवाल्यांविरुद्ध चान्सरी न्यायालयात एक अतिविस्तृत दावा दाखल केला. तो मुख्यतः जेम्स अलेक्झांडर या सर्वेक्षण प्रमुखाने, जो स्वतः प्रोप्रायटर आणि वकील होता, तयार केला होता. चान्सरीत ज्यूरी नसे. निकाल गव्हर्नरच देई, आणि त्या वेळचा गव्हर्नर लुइस मॉरिस याचे स्वतःचे हितसंबंध प्रोप्रायटरांच्या बाजूला होते. साध्या न्यायालयात गेल्यास ज्यूरीत शेजारचे जमीनधारक बसत आणि ते आपल्यासारख्यांच्या बाजूने झुकत. दोन्ही पक्षांना मान्य होईल असा तटस्थ न्यायाधीश त्या वसाहतीत नव्हता, आणि माझ्या मते दंगे भडकण्याचे हेच खरे कारण होते. प्रोप्रायटरांच्या दाव्यातील जमिनीवर झाडे तोडल्याबद्दल सॅम्युएल बाल्डविन या रहिवाशाला अटक झाली, तेव्हा सप्टेंबरमध्ये जमावाने नेवार्कचा तुरुंग फोडून त्याची सुटका केली. असे प्रकार पुढे सुमारे दहा वर्षे घडत राहिले.

प्रश्न : मग या खटल्याचा निकाल काय लागला? — एक वाचक, पुणे

उत्तर : निकाल लागलाच नाही. वसाहतकऱ्यांच्या वतीने विल्यम लिव्हिंग्स्टन आणि विल्यम स्मिथ या वकिलांनी तयार केलेले उत्तर १७५२ मध्ये छापले गेले; हाच लिव्हिंग्स्टन १७७६ मध्ये न्यू जर्सी राज्याचा पहिला गव्हर्नर झाला. त्यानंतर प्रकरण रेंगाळले आणि अमेरिकन क्रांतीच्या धामधुमीत मागे पडले. वसाहतीच्या पूर्व आणि पश्चिम या दोन भागांतील प्रोप्रायटरांची मंडळे मात्र त्यानंतरही टिकली. पूर्व जर्सीचे मंडळ १९९८ मध्ये विसर्जित झाले आणि त्याने उरलेले हक्क राज्याला विकले. पश्चिम जर्सीचे मंडळ बर्लिंग्टन येथे त्यानंतरही अस्तित्वात राहिले.

प्रश्न : या वादात मूळ रहिवाशांना कोणी विचारले का? — एक वाचक, मडगाव

उत्तर : त्यांची सही दोन्ही बाजूंना हवी होती, पण पक्षकार म्हणून त्यांना कोणी उभे केले नाही. मॅटानोने हाच प्रदेश १६५१ मध्ये ऑगस्टीन हर्मन याला दिला होता आणि १६६४ मध्ये तो पुन्हा दिला. त्यावरून त्याला फसवा ठरवण्याची घाई करू नये. लेनापेंच्या रीतीप्रमाणे असा व्यवहार म्हणजे एकत्र राहण्याची व जमीन वापरण्याची परवानगी होती, आणि पहिला घेणारा तेथे राहिला नाही तर ती परवानगी संपली असे ते धरत. १७५८ मध्ये न्यू जर्सीतील त्यांचे उरलेले दावे विकत घेतले गेले आणि बर्लिंग्टन परगण्यात ब्रदरटन नावाची सुमारे तीन हजार एकरांची राखीव वस्ती त्यांना मिळाली. १८०१ च्या कायद्याने तीही विकण्यास काढली आणि तेथील लोक न्यूयॉर्क राज्यात गेले. शिकार आणि मासेमारीचे हक्क मात्र त्यांनी दक्षिणेकडील भागात राखून ठेवले होते. बार्थोलोम्यू कॅल्विन या वयोवृद्ध लेनापे गृहस्थाने त्यांच्या भरपाईसाठी विधिमंडळाकडे अर्ज केला, आणि १८३२ मध्ये विधिमंडळाने दोन हजार डॉलर मंजूर केले.