ग्रामपंचायत निवडणुकीसाठी गावातल्या महिलांना तयार करायचं आहे, सुरुवात कुठून करू?

बचत गटापासून. हिशेब ठेवणारी, बँकेत जाऊन साहेबांशी बोलणारी बाई तिथे तयारच असते. फक्त 'तू उभी राहा' असं तिला कुणी म्हटलेलं नसतं. महाराष्ट्रात २०११पासून पंचायतींत निम्म्या जागा महिलांच्या आहेत, तरी कित्येक ठिकाणी अर्ज तिचा आणि कारभार नवऱ्याचा. म्हणून आरक्षण निघायची वाट न बघता आत्तापासून तिला ग्रामसभेत बोलतं करा. घरच्यांशी, विशेषतः सासूबाईंशी, आधीच बोला.

जागा अनुसूचित जाती, जमाती किंवा मागासवर्गासाठी राखीव असेल तर जात पडताळणीचं लवकर बघा. निकालानंतर ३० दिवसांत खर्चाचा हिशेब द्या, नाहीतर अपात्रतेची वेळ येते. आणि निवडून आल्यावर तिला एकटं सोडू नका: इतिवृत्त वाचल्याशिवाय सही नाही, कोऱ्या चेकवर तर मुळीच नाही.