ट्रॅव्हलरची मोटरहोम करायचीय, जुनं मर्सिडीजवालं इंजिन घ्यावं की नवीन कॉमन रेल?

तुम्ही विचारलंय की सेकंडहँड ट्रॅव्हलर घेऊन आत बेड-किचन बसवायचंय, घरच्यांना घेऊन हंपी, कोकण असं फिरायचंय, आणि सगळे सांगतात ते जुनं मर्सिडीजचं इंजिन कधी मरतच नाही हे खरं का, का सरळ बीएस सिक्स, म्हणजे धुराच्या नव्या नियमाची गाडी घ्यावी. तर ऐका, जुनं इंजिन पण मरतं ओ. फक्त ते मेलं तर मोहोळच्या पुढं एखाद्या ढाब्यामागच्या गॅरेजमध्ये पण उठवता येतं. नवीन सहसा मरत नाही, पण मेलं की टोचन लावूनच आणावं लागतं. लोक या दोन गोष्टींची गल्लत करतात आणि जे दुरुस्त होतं त्यालाच टिकाऊ म्हणत बसतात.

माझं सोलापुरात डिझेल पंप-नोझलचं, म्हणजे इंजिनाला डिझेल ढकलणाऱ्या आणि फवारणाऱ्या भागांचं काम आहे, वडलांनी टाकलेलं दुकान, त्यामुळं मी इंजिनाकडं पंपाच्या बाजूनंच बघतो. हेड (इंजिनाचं वरचं झाकण) आणि बोअर (पिस्टन फिरतो ती नळी) यांचं काम करणारा मेकॅनिक थोडं वेगळं सांगेल, त्याचं पण ऐका.

आधी ते मर्सिडीज प्रकरण काय ते सांगतो. मर्सिडीजनं १९७७ ला टी-वन म्हणून व्हॅन काढली आणि बजाज टेम्पोनं, म्हणजे आपली आकुर्डीची आत्ताची फोर्स मोटर्स, १९८७ ला ट्रॅव्हलर आणली ती त्याच व्हॅनवरून. इंजिन ओएम ६१६, चार सिलिंडर, २.४ लिटर. हे मुळात १९७३ ला मर्सिडीजच्या २४० डी कारमध्ये आलेलं इंजिन, तिकडं ती गाडी टॅक्सीवाल्यांची लाडकी. आपल्याकडं तेच मॅटाडोरमध्ये, तेच ट्रॅक्समध्ये. आणि गंमत म्हणजे जर्मनीत त्याच टी-वनच्या २०७ डी, ३०७ डी व्हॅन घेऊन लोकांनी धडाधड मोटरहोम केल्या, त्यातल्या काही अजून चालतात. म्हणजे तुम्ही जे करायला निघालाय ते याच इंजिनावर आधीच होऊन गेलंय.

आता टिकतं का ते बघा. ब्लॉक बिडाचा, हेड पण बिडाचं, टायमिंगला बेल्ट नाही तर चेन. डिझेल थेट पिस्टनवर मारत नाहीत, हेडमधल्या एका छोट्या खोलीत मारतात, तिथं पेटून मग ते खाली येतं त्यामुळं पिस्टनला दणका कमी बसतो. ही आयडिया बेन्झ कंपनीतल्या प्रॉस्पेर लोरांज नावाच्या इंजिनिअरची, १९०९ ची. असल्या इंजिनाचं नोझल साधारण ११५ ते १३५ बार दाबाला उघडतं, म्हणजे काहीच नाही, हँडपंपवाल्या टेस्टरवर मी हातानं उघडून दाखवतो. आणि पंप बॉशच्या जातीचा लाईनमधला, आपल्याकडं ज्याला सगळे अजून मायकोच म्हणतात. त्या पंपाच्या खालच्या कॅमला ऑइलचं वंगण मिळतं, डिझेल थोडं इकडंतिकडं असलं तरी तो कुरकुरत का होईना चालतो.

पण खरं कारण ह्यातलं एकही नाही माझ्या मते. खरं कारण हे की २.४ लिटरच्या इंजिनातून सुरुवातीला फक्त ६५ पीएस (हॉर्सपॉवरसारखंच माप) काढलेत. त्याच्याकडून कोणी काही मागितलंच नाही तर ते तुटणार कुठून? आणि हीच कमी ताकद मोटरहोममध्ये अंगाशी येते. प्लायवूड, बेड, गॅस सिलिंडर, बॅटऱ्या, वर २०० लिटर पाण्याची टाकी म्हणजे पाण्याचंच २०० किलो झालं, वर छतावर कॅरियर, आणि मग रत्नागिरीला जाताना आंबा घाट आला की सेकंड गिअर, मागं ट्रकवाले हॉर्न मारतायत आणि टेंपरेचरचा काटा वर वर. विजापूर, हंपी बाजूला सपाट रस्त्याला काहीच अडचण नाही, पण तुम्ही कोकण म्हणालात.

इंटरनेटवर तुम्हाला ग्रीसच्या टॅक्सीची गोष्ट कोणीतरी सांगेलच, १९७६ ची २४० डी, ४६ लाख किलोमीटर चालली, कंपनीनं म्युझियमला घेतली. गोष्ट खरी आहे. पण त्या गाडीत इंजिनं अनेकदा काढून बदललीत हे सांगायला लोक विसरतात. म्हणजे शेवटी मुद्दा माझाच आला, ती दुरुस्त होत राहिली म्हणून चालली.

अमेरिकेचं सांगायचं तर तिकडच्या मोठ्या बसएवढ्या मोटरहोमला इंजिन मागं असतं आणि बऱ्याच गाड्यांत कमिन्सचं बी सिरीज, सहा सिलिंडर, ५.९ लिटर. हेच इंजिन आपल्याला काही परकं नाही, टाटा-कमिन्सची कंपनी १९९३ ला झाली आणि जमशेदपूरला बनलेलं ५.९ टाटाच्या ट्रकमधून आपल्या हायवेवर वर्षानुवर्षं पळलंय. तिकडं त्याच्या जुन्या बारा व्हॉल्ववाल्या मॉडेलसाठी लोक अजून जीव टाकतात, कारण तेच, पंप पूर्ण मेकॅनिकल. उलट तिकडंच ओल्ड्समोबाईल कंपनीनं १९७८ ते ८५ कारमध्ये ५.७ लिटरचं डिझेल इंजिन दिलं, हेडचे बोल्ट कमजोर आणि डिझेलमधलं पाणी वेगळं करायचा फिल्टरच दिला नाही, पैसे वाचवायला. हेडगॅस्केटा (हेड आणि ब्लॉकच्या मधलं सील) उडाल्या, पंप गंजले, आणि अमेरिकन माणसानं कारमध्ये डिझेलचं नाव टाकलं ते टाकलंच. ते पण जुनं मेकॅनिकल इंजिनच होतं हां. जुनं म्हणून चांगलं असं काही नसतं.

आता कॉमन रेल, म्हणजे पंप एका सामायिक नळीत डिझेल जोरात दाबून ठेवतो आणि तिथून ते सगळ्या इंजेक्टरला जातं. फियाट आणि तिच्या मारेली या पार्ट बनवणाऱ्या कंपनीनं हे डेव्हलप केलं, १९९४ ला बॉशला विकलं, १९९७ ला अल्फा रोमिओ १५६ मध्ये, कारमध्ये पहिल्यांदा आलं. युरोपात मोटरहोम म्हटलं की फियाट डुकाटो, १९८१ पासूनची व्हॅन, तिकडच्या बहुतेक मोटरहोम तिच्यावरच बांधतात, तिच्या जुन्या पिढ्यांत सोफिम कंपनीची २.५ आणि २.८ लिटरची इंजिनं होती, त्यांचं नाव चांगलंय, फक्त त्यांना बेल्ट आहे, वेळेवर नाही बदलला तर व्हॉल्व पिस्टनवर आपटतात. पुढं २००६ नंतरच्या डुकाटोत पुढच्या काचेखालून पावसाचं पाणी इंजिनावर गळायचं आणि इंजेक्टर हेडमध्ये गंजून चिकटायचे, म्हणजे इंजिन चांगलं असून पाण्यानं घात केला.

कॉमन रेलमध्ये प्रेशर सुरुवातीलाच १३५० बार होतं, आता त्याच्याही वर गेलंय. इंजेक्टरच्या आतली फट मायक्रॉनमध्ये मोजतात. आणि इथं माझ्या धंद्यातली गोष्ट सांगतो जी विकणारा कधी सांगणार नाही: ह्या पंपाला वंगण फक्त डिझेलचं. डिझेलच खराब, त्यात पाणी, की पंप कोरडा घासतो, त्याचा लोखंडी चुरा पुढं रेलमध्ये, रेलमधून चारही इंजेक्टरमध्ये. मग नुसता पंप बदलून भागत नाही, टाकीपासून सगळं धुवावं लागतं आणि बिल बघून माणूस खालीच बसतो. चांगलं डिझेल आणि वेळेवर फिल्टर मिळाला तर मात्र हीच इंजिनं रोज पुणे-हैदराबाद करून लाखोंनी किलोमीटर काढतात, टूरवाल्यांच्या गाड्या बघा की.

पण तुमची गाडी टूरवाल्यासारखी पळणार नाही, अडचण तिथंच आहे. मोटरहोम महिनोन्महिने दारात उभी असते. अर्धी रिकामी टाकी, दिवसा ऊन रात्री गार, टाकीच्या आत घाम सुटतो, ते पाणी तळाला बसतं, त्यात शेवाळासारखा काळा चिकट गाळ तयार होतो. उभी करताना टाकी फुल करून ठेवा आणि फिल्टरखालचा पाण्याचा नट अधूनमधून सोडत जा. दुसरं म्हणजे बॅटरी चार्ज व्हावी म्हणून किंवा एसीसाठी तासन्‌तास गाडी नुसती आयडलवर ठेवू नका, इंजिन नीट तापत नाही, काजळी धरते, बोअर गुळगुळीत होऊन ऑइल खायला लागतं. आणि चालू इंजिनाच्या गाडीत झोपायचं तर अजिबात नाही, धूर आत आला तर सकाळ होणार नाही, हे इंजिनापेक्षा महत्त्वाचं आहे.

बीएस सिक्समध्ये, म्हणजे एप्रिल २०२० नंतरच्या, सायलेन्सरच्या लाईनला डीपीएफ असतो, काजळी साठवायचा फिल्टर. तो स्वतःला जाळून साफ करतो पण त्यासाठी गाडी हायवेला गरम होऊन पळायला लागते. गल्लीत दहा मिनिटं चालू करून बंद केली की त्याचं पोट भरत जातं, मग दिवा लागतो, मग ताकद कट. घ्यायचीच असली तर दर पंधरवड्याला टेंभुर्णीपर्यंत एक फेरी मारून आणायची तयारी ठेवा, एवढंच.

मला विचाराल तर तुमच्यासारख्या फॅमिलीवाल्यानं मधली घ्यावी, बीएस फोरच्या काळातली कॉमन रेल, त्यातल्या बऱ्याच गाड्यांत डीपीएफ नाही (घेताना खाली वाकून खात्री करा), ताकद पण घाटापुरती आहे आणि स्कॅनर घेतलेले मेकॅनिक आता तालुक्याला पण झालेत. जुनं ६१६ तेव्हाच घ्या जेव्हा तुम्हाला डिझेल लाईनमधली एअर स्वतः काढता येते, नोझल खोलायची हौस आहे आणि घाटात मागच्यांच्या शिव्या खायची तयारी आहे. जुनी गाडी पंधरा वर्षांच्या वर असणार, फिटनेसचं बघावं लागेल, आणि बॉडीत बदल करायचा तर आरटीओची परवानगी आधी, सुतार नंतर, उलटं करू नका.

बघायला जाल तेव्हा सकाळी थंड इंजिनावर जा, मालकाला सांगा आधी चालू करून ठेवू नको. ऑइलचं झाकण काढून बघा, बॅक कॉम्प्रेशन, म्हणजे खालून निसटलेला गॅस फुकफुक मारत असेल तर बोअर संपलंय. रेडिएटरचं झाकण उघडून बोट फिरवा (गार असताना!), पांढरा क्षार हाताला लागला तर त्यानं आयुष्यभर बोअरवेलचं पाणी ओतलंय, आपल्या सोलापुरात हे लय चालतं, असली गाडी मेमध्ये पंचेचाळीस डिग्रीला हेडगॅस्केट उडवणार म्हणजे उडवणार. तिथं किंमत पाडा नाहीतर सोडा. आणि सामान भरून झाल्यावर मार्केट यार्डाकडच्या काट्यावर गाडी एकदा वजन करून आरसीवरच्या आकड्याशी जुळवा, जास्त भरलं तर पाण्याची टाकी लहान करा.