आउटपुट ट्रान्झिस्टर बदलल्यावरही लगेच उडत असतील, तर दोष कुठे शोधावा?

तुम्ही विचारले आहे की स्टीरिओ ॲम्प्लिफायरच्या डाव्या चॅनेलचे आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट झाले, नवी जोडी बसवली, आणि स्विच चालू करताच तीही फ्यूजसह उडाली. तर आता तिसरी जोडी बसवावी का? अजून बसवू नका. आउटपुट ट्रान्झिस्टर बहुतेक वेळा बिघाडाचा बळी असतो. बिघाडाचे मूळ त्याच्या अलीकडच्या टप्प्यात तसेच शिल्लक असते, आणि ते सापडेपर्यंत बसवलेली प्रत्येक जोडी त्याच वाटेने जाते.

काम सुरू करण्यापूर्वी प्लग काढा आणि दोन्ही मोठे फिल्टर कॅपॅसिटर १०० ओहम, १० वॉटच्या वायरवाउंड रेझिस्टरमधून रिकामे करून मीटरने खात्री करा. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करण्याची सवय कॅपॅसिटरलाही वाईट आणि डोळ्यांनाही. यापुढे प्रत्येक वेळी वीज ६० किंवा १०० वॉटच्या फिलामेंटच्या बल्बमधून, म्हणजे सिरीज बोर्डावरूनच द्या. एलईडी बल्ब येथे चालत नाही. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक, तेजस्वी राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे. तुमची दुसरी जोडी या एका बल्बने बहुधा वाचली असती.

आता उडालेले आउटपुट ट्रान्झिस्टर काढून टाका आणि त्यांच्याबरोबर हमखास जाणारे भाग तपासा: दोन्ही ड्रायव्हर (आउटपुट ट्रान्झिस्टरना चालवणारे त्यांच्या आधीचे ट्रान्झिस्टर), बेसला जोडलेले लहान रेझिस्टर आणि एमिटर रेझिस्टर. ड्रायव्हर पीसीबीवरून काढूनच तपासा, कारण समांतर रेझिस्टरमुळे मीटर फसवतो. ०.२२ ओहमचा एमिटर रेझिस्टर वरून धडधाकट दिसतो आणि आतून तुटलेला असतो. शिवाय मीटरच्या तारांचाच रोध जवळपास तेवढा असतो. म्हणून त्यातून १ अँपिअर करंट सोडून त्याच्या टोकांवर ०.२२ व्होल्ट मिळतात का, ते पाहावे.

तुमच्यासारख्या तक्रारीत माझा पहिला संशय बायस सर्किटवर जातो. आउटपुट ट्रान्झिस्टरना सिग्नल नसतानाही थोडा करंट वाहता ठेवण्यासाठी दोन ड्रायव्हरच्या बेसमध्ये ठरावीक व्होल्टेज राखावे लागते. ते काम हीटसिंकवर बसवलेला एक लहान ट्रान्झिस्टर आणि प्रीसेट (स्क्रूड्रायव्हरने फिरवून बदलता येणारा छोटा रेझिस्टर) मिळून करतात. हा ट्रान्झिस्टर ओपन झाला, किंवा त्याच्या कलेक्टर आणि बेसमधला रेझिस्टर तुटला, तर हे व्होल्टेज एकदम वाढते, दोन्ही आउटपुट ट्रान्झिस्टर एकाच वेळी पूर्ण चालू होतात आणि दोन्ही पुरवठ्यांमधला सगळा करंट त्यांच्यातून वाहतो. प्रीसेट त्याच जागी असेल आणि त्याची सरकती पट्टी जुनी होऊन संपर्क सोडत असेल, तरी परिणाम हाच. प्रीसेट बेस आणि एमिटरमध्ये असेल तर मात्र संपर्क सुटल्यावर बायस उलट कमी होतो. मला ती रचना म्हणूनच अधिक सुरक्षित वाटते. एका दुरुस्तीत माझ्या दोन जोड्या गेल्या, आणि नंतर आढळले की हीटसिंकवरच्या या ट्रान्झिस्टरची एक तार आवरणाच्या आत तुटली होती. सुटा तपासला तेव्हा ट्रान्झिस्टर निर्दोष होता, म्हणून तारेकडे मी लक्षच दिले नव्हते.

हे तपासण्यासाठी आउटपुट ट्रान्झिस्टर आणि स्पीकर न जोडता, सिरीज बल्बमधून सर्किट चालू करा. अनेक रचनांत ड्रायव्हरच्या एमिटरचे रेझिस्टर आउटपुटच्या रेषेला जोडलेले असतात, त्यामुळे फीडबॅक टिकतो. दोन्ही एमिटरमध्ये एकच रेझिस्टर असेल, तर प्रत्येक एमिटरपासून आउटपुटपर्यंत १०० ओहमचा रेझिस्टर तात्पुरता जोडा. आता आउटपुटवर शून्याजवळ, ५० मिलिव्होल्टच्या आत डीसी हवे. ड्रायव्हर आणि आउटपुट अशी साधी दुहेरी रचना असेल, तर ड्रायव्हरच्या दोन बेसमध्ये साधारण २.२ ते २.५ व्होल्ट मिळावेत आणि प्रीसेट फिरवल्यावर ते सुरळीत बदलावेत. ३ व्होल्टच्या पुढे जात असतील तर तुमचा दोष सापडला. तुमचा उजवा चॅनेल चांगला आहे, हे मोठे भाग्य. सर्किटचा आराखडा नसला तरी त्याच्या प्रत्येक बिंदूचे माप शेजारी लिहून तुलना करता येते.

ही मापे जुळल्यावरच नवी जोडी बसवा, आणि ती खात्रीच्या विक्रेत्याकडची असू द्या. २एससी५२०० आणि २एसए१९४३ या आउटपुट ट्रान्झिस्टरांच्या नकली प्रतींमध्ये आतली चिप लहान असते. मीटरवर त्या उत्तम दिसतात आणि भार येताच जातात. अभ्रकाचा पत्रा बसवल्यावर कलेक्टर आणि हीटसिंक यांच्यात शॉर्ट नाही ना, ते पाहा. प्रीसेट सर्वांत कमी बायसच्या बाजूला ठेवून बल्बवर चालू करा. सर्व ठीक असेल तर बल्ब काढून एमिटर रेझिस्टरच्या टोकांवर, निर्मात्याचा आकडा माहीत नसल्यास, १० मिलिव्होल्ट ठेवा, ०.२२ ओहमवर तो सुमारे ४५ मिलिअँपिअर करंट होतो. वीस मिनिटांनी पुन्हा मोजा. आकडा चढतच राहिला, तर बायसचा ट्रान्झिस्टर हीटसिंकला नीट टेकलेला नाही. आकडा स्थिर असूनही हीटसिंक अपेक्षेपेक्षा जास्त तापत असेल, तर सर्किट ऑसिलेट होत असण्याचा, म्हणजे सिग्नल नसतानाही स्वतःच कंपने निर्माण करत असण्याचा, संशय घ्या आणि आउटपुटवरचा १० ओहम व ०.१ मायक्रोफॅरडचा जोड तपासा. २एन३०५५ सारख्या संथ ट्रान्झिस्टरच्या जागी वेगवान ट्रान्झिस्टर बसवल्यावर हे विशेष घडते.

स्पीकर मात्र लगेच जोडू नका. आधी ८ ओहमच्या जाड वायरवाउंड रेझिस्टरवर सिग्नल देऊन पाहा, आणि त्यानंतर आउटपुटवरचे डीसी पुन्हा एकदा मोजा.