‘एकच मॅच’ म्हणून बसतो अन् बारा वाजतात

परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी कृषी सेवा केंद्र चालवणारे ३८ वर्षांचे गृहस्थ पत्नीला घेऊन समुपदेशनाला आले. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) सुरुवात वहिनींनीच केली. "दुकान बंद करून येतेत, जेवतेत अन् फोन घेऊन बसतेत. एकच मॅच म्हणतेत, बारा वाजायलेत." त्यांनी ते नाकारलं नाही. "पंधरा मिन्टं म्हणूनच बसायलो मी. मला व्यसन लागलं का हो?"

जागतिक आरोग्य संघटनेच्या १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत ‘गेमिंग डिसऑर्डर’ आहे. खेळावर ताबा न राहणं, बाकी सगळ्याच्या आधी खेळ येणं, आणि नुकसान दिसत असूनही तो चालूच राहणं या त्याच्या खुणा. त्याही साधारण १२ महिने दिसायला हव्यात. यांच्या दुकानाचा हिशोब चोख होता. शिवाय मृगाच्या तोंडावर बियाण्याला झुंबड उडाली, तेव्हा आठवडाभर त्यांनी गेम उघडला नव्हता आणि त्याची चुटपुटही लागली नव्हती. व्यसनात असं सहसा होत नाही.

पैसे लावून खेळता का, हे मात्र आम्ही वहिनींना बाहेर बसवून विचारलं. ही विचारणा कधीच चुकवू नये, कारण त्याचं उत्तर ‘हो’ आलं तर पुढचे सगळे उपाय फोल आहेत. २०२५ च्या केंद्रीय कायद्याने असे पैशाचे ऑनलाइन खेळ बंद केले असले, तरी आडमार्गाने खेळणारे आणि जुनं कर्ज डोक्यावर असणारे येतातच. इथे तसं काही नव्हतं.

मग एका वहीत चार रकाने आखून दिले: कधी बसलो, किती वेळ ठरवला होता, प्रत्यक्ष किती गेला, आणि थांबलो ते कशामुळे. शेवटचा रकाना सगळ्यात कामाचा. त्यात बहुतेक ठिकाणी लिहिलेलं होतं, ‘मॅच संपली म्हणून’ नाहीतर ‘बॅटरी गेली’. ‘वेळ झाली म्हणून’ एकदाही नव्हतं.

कारण खेळाच्या घडणीतच होतं. ते बीजीएमआय हा मोबाइलवरचा गोळीबाराचा खेळ खेळत, तोही मोठ्या नकाशावर, गावातल्या तिघा मित्रांबरोबर. शेवटपर्यंत टिकलं तर एक मॅच अर्ध्या तासाला टेकते. मध्ये उठावं तर टीम उघडी पडते आणि सकाळी बाजारात बोलणी बसतात. लवकर मेलं तर ‘हे काय खेळणं झालं’ म्हणून दुसरी सुरू. पंधरा मिनिटांत अर्ध्या तासाची मॅच बसवायची कशी? इथे मनाला दोष देऊन काही निघत नाही.

फोनवर अर्ध्या तासाचा टायमर त्यांनी आधीच लावून पाहिला होता. अँड्रॉइडचा ॲप टायमर ऐन मॅचमध्ये पडदा टाकतो, म्हणून माणूस चिडून तो काढूनच टाकतो. त्यातून मध्यरात्री त्याची मोजणी शून्यावर येते. पावणेबाराला कोटा संपला तरी बाराला नवा अर्धा तास हजर! टायमर ठेवायचाच तर तो ठरलेल्या वेळेपेक्षा दहा मिनिटं जास्तीचा ठेवावा, आणि रात्रीसाठी वेगळा बेडटाइम मोड लावावा.

त्यानंतर खेळ निवडताना मोकळ्या वेळेचा प्रकार बघितला. दुपारी दोन ते साडेतीन दुकानात गिऱ्हाईक तुरळक असतं, पण कधीही येतं. तिथे समोरच्याचं घड्याळ चालू असलेला कुठलाही खेळ चालत नाही. क्लॅश रोयाल या दोघांतल्या लढतीच्या खेळाची मॅच तीन ते पाच मिनिटांचीच, पण ‘युरियाचं पोतं द्या’ म्हणत कुणी आलं की हरलीच समजा. अशा जागी लिचेस या बुद्धिबळाच्या ॲपवरचं एका चालीला एक दिवस मिळणारं बुद्धिबळ बसतं. चाल टाकून फोन खिशात. ते फुकट आहे आणि जाहिरातीही नाहीत. स्ले द स्पायरसारखा पत्त्यांचा खेळही चालेल. अख्खी फेरी तासाभराची असली तरी कुठेही थांबता येतं, नंतर त्याच खोलीपासून पुढे जाता येतं.

रात्रीचा अर्धा तास सलग मिळतो. तिथे बीजीएमआयच ठेवला, फक्त मोड बदलला. टीडीएममध्ये (टीम डेथमॅच, म्हणजे दोन टीमची थेट लढत) १० मिनिटं किंवा ४० किल, म्हणजे समोरच्यांचे ४० बळी, जे आधी होईल तिथे खेळ संपतो. अशा दोन मॅच. नकाशाच हवा असेल तर लिव्हिक हा छोटा नकाशा, ५२ खेळाडूंचा, साधारण पंधरा मिनिटांचा. मोठा नकाशा शनिवारी, आणि हे मित्रांना ग्रुपवर आधीच लिहून कळवायचं. न कळवता गैरहजर राहिलं की फोन येतो आणि ठरवलेलं तिथेच मोडतं.

मध्येच त्यांनी कुणाच्या तरी सांगण्यावरून स्टारड्यू व्हॅली हा शेती करण्याचा खेळ घेतला. दिवसभर खत-बियाणं विकणारा माणूस रात्री फोनवर पार्सनिप (गाजरासारखं कंदमूळ) लावत बसला, याचं वहिनींना हसू आवरेना. खेळ गुणी आहे, भांडण नाही, टीम नाही. पण थोड्या वेळासाठी फसवा. त्यातला एक दिवस साधारण चौदा मिनिटांचा आणि नेहमीचा सेव्ह झोपल्यावरच होतो. पार्सनिप चार दिवसांत काढणीला येतो, म्हणजे सेव्ह होतानाच ‘उद्या काढणी’ हे डोक्यात असतं आणि बोट पुढच्या दिवसावर जातं. घ्यायचाच असेल तर रविवारी दुपारी.

पुढच्या भेटीत नवीन गाठ निघाली ती बीजीएमआयच्या डेली मिशनची. रोजची कामं केली नाहीत तर बक्षीस बुडतं, म्हणून खेळायची इच्छा नसतानाही गेम उघडला जात होता. त्या गेमच्या सगळ्या नोटिफिकेशन बंद केल्या आणि पैसे देऊन घेतलेला पास पुढच्या महिन्यात न घेण्याचं ठरलं. हे त्यांना सगळ्यात जड गेलं. फोनचं चार्जर पलंगाजवळून बाहेरच्या खोलीत गेलं.

आता वहीत शनिवार सोडून बाकी दिवस साडेदहाच्या आत संपलेले दिसतात. शनिवारी अजूनही रात्रीचा एक वाजतो, त्याला वहिनींची हरकत नाही. मात्र कुणाचं कामच सुटत असेल, झोप आठवडेच्या आठवडे उडाली असेल किंवा खेळासाठी उसनवारी सुरू झाली असेल, तर खेळ बदलत बसू नये. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करावा. तो मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.