एसटीपीचा (सांडपाणी शुद्धीकरण केंद्राचा) ओला गाळ वाळवायचा कसा, आणि तो लसणात टाकायचा का?

सांवेरकडच्या एका काकांनी विचारलंय, इंदूरहून एसटीपीचा पातळ गाळ टँकरने फुकट मिळतोय, शेतात ताडपत्री अंथरून वाळवला, वरून पंखा लावला तर यंदा लसणात टाकता येईल का.

काका, आधी ती ताडपत्री काढा. पातळ गाळात 97 टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं, म्हणजे 5000 लिटरच्या टँकरात खरा माल 150 किलो, आणि त्या पाण्यातलं बरंचसं पहिल्या दोन-तीन दिवसांत खाली झिरपून जातं, ऊन कामाला येतं ते नंतर. खाली प्लास्टिक आलं की ती वाटच बंद. आपली माळव्याची काळी माती पण पाणी लवकर सोडत नाही, म्हणून खाली खडी, खडीत छिद्रांचा पाइप, वर वीतभर वाळू आणि त्यावर गाळही वीतभरच. जास्त जाड दिला तर वर पपडी धरते नि आत चिखल तसाच राहतो. निथळलेलं पाणी विहिरीकडे अजिबात जाऊ देऊ नका. उन्हाळ्यात दोनेक आठवड्यांत भेगा पडून फावड्याने उचलता येतो, पावसाळ्यात छप्पर नसेल तर हात घालूच नका.

ब्लोअर लावायचा असेल तर खालच्या पाइपातून हवा सोडायची ती पाणी निथळल्यावर. आधीच सोडली तर हवा एक-दोन भोकं पाडून तिथूनच निसटते आणि वीज वाया. वरचा पंखा गाळावर साचलेली दमट हवा हटवतो, तोही कामाचा, पण जुलैत हवाच दमट असते तेव्हा फारसा फरक पडत नाही.

आता माझ्या काळजीची गोष्ट. वाळला म्हणजे गाळ निर्धोक झाला असं नाही, जंतांची अंडी वाळलेल्या गाळातही महिनोन्महिने जिवंत राहतात. इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड साहेबांनी 1924 ते 1931 मध्ये इथेच इंदूरला कंपोस्टची जी पद्धत बसवली तसाच सोयाबीनच्या भुश्याबरोबर ढीग लावा, आतलं तापमान 55 अंशांच्या वर 15 दिवस टिकलं पाहिजे आणि तेवढ्यात 5 वेळा ढीग उलथा. हातमोजे, गमबूट घालूनच. आणि जड धातूंचा लॅब रिपोर्ट मागा, शहरी कंपोस्टला कॅडमियम किलोमागे 5 मिलिग्रॅम आणि शिसं 100 च्या वर चालत नाही, रिपोर्ट नसेल तर फुकटचाही घेऊ नका.

लसणात यंदा नकोच, लसणाचा गड्डा मातीत वाढतो आणि आपण कच्चा खातो. गव्हाच्या पेरणीआधी मातीत मिसळा. रिपोर्ट आला की फोटो पाठवा, आकडे बघून एकरी किती टाकायचा ते सांगतो.