औषध कंपनीचा पडलेला शेअर: थांबू की विकू?

प्रश्न: मी इंदूरच्या सुदामानगरात राहते. ह्यांच्या निवृत्तीच्या पैशातून एका औषध कंपनीचे शेअर ९०० रुपयांना घेतले. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, कारखान्यावर आक्षेप घेतल्यापासून भाव ३६० वर आलाय. हे म्हणतात, ९०० झाले की विकू. काय करावं?

उत्तर: ताई, ३६० चे ९०० व्हायला भाव दीडशे टक्के वाढावा लागतो. तेवढ्यासाठी म्हातारपणाची पुंजी अडकलेली पाहून मला खरंच काळजी वाटते.

आधी आक्षेप कसला ते शोधा. शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर कंपनीची पत्रं सापडतील. फॉर्म ४८३ म्हणजे तपासनिसांची निरीक्षणं. कंपनीच्या उत्तरावर पुष्कळदा प्रकरण मिटतं. वॉर्निंग लेटर त्याहून गंभीर. आणि इम्पोर्ट अलर्ट असेल, तर त्या कारखान्याचा माल अमेरिकेच्या बंदरातच अडतो. तुमच्या शेजारचं देवासच घ्या ना! रॅनबॅक्सी या औषध कंपनीच्या तिथल्या कारखान्यावर २००८ मध्ये असा अलर्ट लागला. २०१५ मध्ये कंपनी सन फार्मात विलीन झाली, तेव्हाही तो उठला नव्हता. इतकी वर्षं तुम्ही दोघं थांबू शकाल?

नुसतं ४८३ असेल तर कंपनीचं उत्तर येईपर्यंत थांबा, नवे मात्र घेऊ नका. अलर्ट असेल तर निम्मे तरी आताच विका. करापुरतं सांगायचं, तर घेतल्यापासून बारा महिन्यांच्या आत विकल्यास तोटा कुठल्याही भांडवली नफ्यातून (शेअर, घर असं काही विकून झालेल्या नफ्यातून) वजा होतो, नंतर फक्त दीर्घकालीन नफ्यातून. आयकर रिटर्न मुदतीत भरलं, तर तो ८ वर्षं पुढे ओढता येतो.