मुलगा डोंगरात जातो, त्याला थांबवावे का?

मी समुपदेशक आहे. मृग बरसू लागला की माझ्याकडे येणाऱ्या पालकांच्या तक्रारींत आणखी एकीची भर पडते. "ऐकतच नाही बघा मॅडम. शनिवारी रात्री सॅक उचलली की निघाला. फोन लागत नाही, कुठं गेला ते सांगत नाही." छत्रपती संभाजीनगरातून दर आठवड्याला तरुणांच्या गाड्या भरून सह्याद्रीकडे जातात. आपला मराठवाडा तसा पठारी असून अजिंठ्याची आणि बालाघाटाची रांग सोडली तर मुलांना चढाईसाठी रात्रभराचा प्रवास करावा लागतो. घरातील वडीलधाऱ्यांनी डोंगर पाहिलेला असतो तो देवीच्या दर्शनापुरता किंवा देवगिरीच्या सहलीपुरता. (माझीही मजल देवगिरीच्या अंधारी वाटेपलीकडे गेलेली नाही, हे आधीच कबूल करते.) त्यामुळे दोराला लटकलेल्या मुलाचा फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर आला की घरात भांडण पेटते आणि ते माझ्यापर्यंत येते. यांपैकी एका कुटुंबाची हकीकत त्यांच्या संमतीने आणि ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून येथे सांगते, कारण मला या प्रश्नाचे उत्तर त्यांच्याकडूनच मिळाले.

वडील वीज कंपनीत लाइनमन होते आणि निवृत्तीला तीन वर्षे उरली होती. थोरली मुलगी सासरी होती. धाकटा चोवीस वर्षांचा, वाळूजच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात नोकरीला होता. त्याने उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेच्या बेसिक कोर्ससाठी अर्ज भरला होता आणि महिनाभराच्या रजेची बोलणी चालवली होती. तो अर्ज वडिलांच्या हाती पडला, तेव्हापासून बापलेकांचे बोलणे बंद होते.

पहिल्या भेटीत वडीलच बोलले. "त्याला काही गोळी असंल तर द्या मॅडम. जिवाची पर्वाच नाही म्हणजे डोक्यातच काही तरी बिघाड झालेला असणार." मी डॉक्टर नाही, गोळ्या देत नाही, हे सांगितल्यावर त्यांचा चेहरा पडला. आई सबंध वेळ पर्सचा बंद बोटाला गुंडाळत बसली होती. जाताना एवढेच म्हणाली, "हे रात्री दोन-दोन वाजेपर्यंत ओसरीत फेऱ्या मारायलेत."

धाकट्याला मी एकट्याला भेटले. का जातोस, असे विचारले. "भारी वाटतं," तो म्हणाला आणि गप्प झाला. या प्रश्नाला बहुतेकांचे उत्तर इतकेच असते. ब्रिटिश गिर्यारोहक जॉर्ज मॅलरी यांना १९२३ मध्ये एव्हरेस्टवर का जायचे असे विचारले गेले, तेव्हा "कारण ते तिथे आहे" असे त्यांचे उत्तर प्रसिद्ध झाले आणि शंभर वर्षे ते सुभाषितासारखे फिरत आहे. मला मात्र त्या उत्तरात विचारणाऱ्याला वाटेला लावण्याची युक्ती दिसते. का, या प्रश्नात आरोप दडलेला असतो आणि आरोपाला माणूस कबुलीजबाब देत नाही. म्हणून मी वेगळे विचारले, "सोमवारी कंपनीत असताना डोंगरातली कोणती गोष्ट आठवते?"

त्यावर तो वीस मिनिटे बोलला. "पाय कुठं ठेवायचा ते तिथं मलाच ठरवावं लागतं मॅडम. दोन वर्षं लातूरला नीटसाठी घातली, ते पप्पांनी ठरवलं. नंबर लागला नाही, मग बी.एस्सी. काकांनी ठरवलं. नोकरी मेव्हण्यानं लावली. कड्यावर मात्र पकड सुटली तर माझी सुटली, आणि वर पोहोचलो तर मी पोहोचलो."

थराराचे वेड असलेली माणसे धोका पत्करतात, असा सर्वसाधारण समज आहे. काहींच्या बाबतीत तो खराही असेल. मिहाय चिकसेंटमिहाय या मानसशास्त्रज्ञांनी सत्तरच्या दशकात प्रस्तरारोहक, बुद्धिबळपटू, नर्तक अशा वेगवेगळ्या लोकांना बोलते केले, तेव्हा त्या सगळ्यांच्या सांगण्यात विलक्षण साम्य आढळले: काम इतके नेमके आणि कौशल्याचा पुरता कस लावणारे असते की मन दुसरीकडे जाऊच शकत नाही. क्रीडा-मानसशास्त्रज्ञ टिम वुडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे गिर्यारोहकांविषयी असे मांडले की महिनोन्‌महिने थंडी, कंटाळा आणि कष्ट सोसणाऱ्या या लोकांना थरारापेक्षा आपल्या आयुष्याची आणि भावनांची सूत्रे आपल्या हाती असल्याचा अनुभव हवा असतो. जवळच्या नात्यांत तो अनुभव आणि मनातले बोलणे त्यांना अवघड जाते. धाकट्याचे बोलणे ऐकताना मला याच मांडणीची आठवण झाली. ज्या घरात त्याला एकही निर्णय घेता आला नव्हता, त्या घराने आता त्याला डोंगरातूनही खाली ओढायचे ठरवले होते.

येथवर माझी सहानुभूती उघडच मुलाकडे झुकली होती, आणि ती माझी चूक होती.

पाचव्या भेटीला मी त्याला त्याची सॅक, जशी भरून नेतो तशीच, घेऊन यायला सांगितले आणि आईवडिलांनाही बोलावले. हे कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही. इतक्या वर्षांत मला एवढे कळले आहे की भांडणाऱ्या माणसांमध्ये एखादी वस्तू ठेवली की त्यांची नजर एकमेकांवरून हटते आणि निम्मे काम होते. माझ्या टेबलावर दोर, हार्नेस म्हणजे कमरेचा पट्टा, हेल्मेट, चार-पाच कॅराबिनर म्हणजे दोर अडकवायच्या कड्या, टॉर्च आणि शेंगदाण्याच्या चटणीची पुडी असा पसारा मांडला गेला. आईने चटणीची पुडी ओळखली आणि तिच्याकडे पाहत राहिली. वडिलांनी न विचारता एक कॅराबिनर उचलला, त्याचा स्क्रू फिरवून लॉक लागते का ते पाहिले आणि झडप अंगठ्याने दोनदा दाबली. मग दोर घेतला. डोळे खिडकीबाहेर, आणि दोर मात्र चिमटीतून वीतवीत पुढे सरकत होता. एका जागी चिमूट थांबली.

"हितं मऊ लागायलंय. आतून तुटलेला असंल. किती वर्षांचा हाय?"

"ग्रुपचा आहे. माहीत नाही."

"माहीत नाही म्हणजे? ज्याच्यावर लटकायलास, त्याचं वय माहीत नाही?"

कित्येक महिन्यांनी बापाने मुलाला डोंगराविषयी खरा प्रश्न विचारला होता. "जाऊ नको" या दोन शब्दांच्या जागी "कसा जातोस" हे आले होते. मी काही बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकाने पाण्याचा ग्लास पुढे सरकवण्यापलीकडे काही करू नये, असे माझे मत आहे.

मग वडील बोलू लागले. बावीस वर्षांपूर्वी एका गावात लग्न होते आणि लाइन गेली होती. त्यांचा जोडीदार परमिट, म्हणजे लाइन बंद करून काम करण्याची परवानगी, घेऊन पोलवर चढला. सबस्टेशनमधून फीडर, म्हणजे तिकडे वीज नेणारी लाइन, बंद होता. घाई असल्याने त्याने तारेवर अर्थिंगची, म्हणजे चुकून आलेला करंट जमिनीत उतरवणारी, साखळी मात्र टाकली नाही. मांडववाल्याने तेवढ्यात जनरेटर सुरू केला आणि उलटा करंट लाइनवर आला. "मीच खाली उतरवला त्याला. बेल्टात तसाच होता. हे घरात कुणाला सांगितलं नाही मी." आईने पर्सचा बंद सोडून दिला. वडिलांना उंचीची भीती अज्ञानापोटी वाटत असेल, असे मुलाने धरले होते आणि खरे सांगायचे तर मीही. उंचीवर माणूस कशाने मरतो, हे त्या खोलीत फक्त त्यांनाच ठाऊक होते. दर शनिवारी रात्री ओसरीत फेऱ्या घालताना ते मुलाला त्या बेल्टात पाहत होते.

थोड्या वेळाने मी धाकट्याला विचारले, "तू आजवर अर्ध्यातून कधी परत फिरलास?"

त्याला आठवेना. मग आठवले ते उलटेच. गेल्या जूनमध्ये हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेने चढताना पाऊस लागला. त्या घळीत पावसाने दगड सुटतात, म्हणून म्होरक्याने सगळ्यांना मागे वळवले. हा आणि एक मित्र पुढे गेले. का? "खाली गेल्यावर पोरं हसली असती. आणि घरी पण... एवढं भांडून निघालो होतो. न पोहोचता परत कसं यायचं?"

वडील हसले. "मी फिरलोय," ते म्हणाले. एका पावसाळी रात्री परमिटचा निरोप फोनवर नीट ऐकू आला नाही, म्हणून ते दीड तास पोलखाली बसून राहिले होते. "गाव जमा झालेलं. शिव्या द्यायलेले. द्या म्हणलं. चढलो नाही."

"हे तुम्ही कधी सांगितलं नाही पप्पा," धाकटा म्हणाला.

माझी घडण मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेल्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीत झाली आहे आणि त्या चष्म्यातून मला जे दिसले ते सांगते. "शिखर गाठलेच पाहिजे" आणि "माझ्या मुलाला काही होताच कामा नये" ही दोन्ही वाक्ये एकाच मुशीतून निघालेली आहेत. दोन्हींतला "च" परिस्थितीला विचारत नाही, तिच्यावर हुकूम सोडतो. आणि पहिल्या "च"ला बळ दुसऱ्यापासून मिळते. घरातून मनाई असलेला मुलगा कोणत्या वाटेने गेला हे कोणाला ठाऊक नसते, त्यामुळे तो अडकला तर शोध कोठून सुरू करायचा हेही कळत नाही. शिवाय भांडून निघालेल्याला रिकाम्या हाताने परतण्याची लाज अधिक वाटते. आपण काळजीपोटी जे करतो त्यानेच धोका वाढतो, हे पालकांना पटवणे मला अजूनही जड जाते.

डोंगरातले काही धोके डोंगराचे असतात: सुटणारी दरड, शेवाळलेला कातळ, आग्या मोहोळ, वीज. उरलेले माणूस आपल्याबरोबर वर नेतो, म्हणजे थकवा, घाई, ईर्ष्या आणि लोकलाज. मे १९९६ मध्ये एव्हरेस्टवर एका वादळात आठ जण दगावले. काही जण परत फिरण्याची ठरलेली वेळ टळून गेल्यावरही वर चढत राहिले होते, आणि वादळाने त्यांना उतरताना गाठले. आठ हजार मीटरवर हवेचा दाब इतका घटलेला असतो की प्राणवायू समुद्रसपाटीच्या जेमतेम एकतृतीयांश मिळतो. तेथे डोके चालेनासे होते, म्हणून परतीची वेळ खाली, डोके ठिकाणावर असताना ठरवून ठेवायची असते. आपल्याकडचीच उदाहरणे पाहा. आपल्या जिल्ह्याच्या ग्रामीण पोलीस दलातील शेख रफिक यांना २०१४ मध्ये हिमप्रपाताने आणि २०१५ मध्ये भूकंपाने परतावे लागले, मग २०१६ मध्ये त्यांनी एव्हरेस्ट सर केले. गिर्यारोहक मनीषा वाघमारे २०१७ मध्ये शिखर टप्प्यात आलेले असताना बिघडलेल्या हवामानामुळे मागे फिरल्या आणि २०१८ मध्ये माथ्यावर पोहोचल्या. त्यांचे सत्कार आपण शिखरासाठी केले. माझ्या मते त्याआधीच्या परतीचेही हारतुरे व्हायला हवे होते.

तेव्हा अशा पालकांना मी सांगते की मुलाला का जातोस हे विचारू नका, कधी परतलास हे विचारा. दोर किती वर्षांचा आहे, म्होरक्या कोण, त्याने शिक्षण कोठे घेतले, पायथ्याच्या गावात कोणाला सांगून जाणार, किती वाजता मागे वळणार, हे विचारा आणि उत्तरे लिहून घ्या. रीतसर प्रशिक्षणाला विरोध करू नका. उत्तरकाशीचा कोर्स करणारा मुलगा जास्त धोका पत्करायला निघालेला नसून धोका ओळखायला शिकत असतो. तो माथा न गाठताच परतला तर चेष्टा करू नका, "बघ, मी सांगितलं होतं" असे तर मुळीच म्हणू नका.

एका प्रसंगी मात्र मी पालकांच्या भीतीच्या पूर्ण बाजूने उभी राहते. नुकताच मोठा आघात झालेला मुलगा एकटाच जाऊ लागला, झोप आणि जेवण सुटले, "परत आलो काय अन्‌ नाही काय" अशी भाषा करू लागला, तर तो डोंगराचा विषय राहत नाही. त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे किंवा सरकारच्या टेलिमानस सेवेला १४४१६ वर फोन करावा.

त्या कुटुंबाची आणि माझी सातवी भेट शेवटची ठरली. जुना दोर वडिलांनी जवळ ठेवून घेतला. ग्रुपने वर्गणी काढून नवा आणला आणि त्याच्या पिशवीवर खरेदीची तारीख मार्करने लिहिली. घरातल्या कॅलेंडरवर आता शनिवारच्या चौकटीत पेन्सिलने वाट, म्होरक्याचा नंबर आणि परतीची वेळ असते; मुलगा घरी आला की वडील ते खोडतात. ऑगस्टमध्ये एका रविवारी रात्री दहाची वेळ लिहिलेली असताना तो दुपारी चारलाच दारात उभा राहिला. धुके होते, खालूनच फिरलो, म्हणाला. वडिलांनी खोडरबर शोधता शोधता आत आवाज दिला, "भाकरी टाक गं, पोरगं उपाशी हाय."

हे मला फोनवर आईने सांगितले आणि थोडे थांबून पुढे म्हणाली, "ह्यांना झोप लागायलीय आता मॅडम. मला मात्र अजून लागत नाही. मला कुणी विचारलंच नाही." खरेच, सात भेटींत मी त्यांना एकदाही एकट्याने बसवले नव्हते. त्यांना पुढच्या बुधवारी अकरा वाजता बोलावले आहे.